शिवॉनला मी थांबवलं

माझं काम गैरहजर माणसांना फोन करण्याचं होतं. नेमणुकीच्या पत्रात त्याला भारदस्त नाव होतं आणि त्याखाली दीड पान जबाबदाऱ्या लिहिल्या होत्या. पण कुणी विचारलं, तुम्ही नक्की काय करता, तर मी हेच सांगायची. सोमवारी सकाळी स्क्रीनवर हजेरी उघडायची. सलग दोन दिवस न आलेल्यांची नावं पिवळी झालेली असत, तीन दिवसांवरची लाल. लालपासून सुरुवात करायची.

पुण्यात मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवत होते. नवऱ्याला, श्रीकांतला, डब्लिनमध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही आयर्लंडला आलो. त्याचं ऑफिस सँट्रीला, विमानतळाजवळ. घर मात्र आम्ही नावन नावाच्या गावात घेतलं. तो बसनं रोज जायचा-यायचा, आणि मी दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर गाडी शिकले आणि अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या कॉलेजात लागले. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना ओळखणारी माणसं तिथं अजून राहतात. नावंही मी बदलली आहेत.

हे कॉलेज म्हणजे आपण समजतो तसं कॉलेज नव्हे. इथं बारावीच्या तोडीची एक मोठी परीक्षा असते. तिच्यात ज्यांना कमी गुण पडले, जे त्या परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत, ज्यांची नोकरी पन्नाशीत गेली, ज्यांची मुलं मोठी झाली आणि आता स्वतःचं काही करावंसं वाटतं, परदेशातून आलेले, असे सगळे आमच्याकडे यायचे. एकेका वर्षाचे कोर्स. रुग्णसेवा, बालसंगोपन, ऑफिसची कामं, केशकर्तन. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र. त्यावर नोकरी मिळते, किंवा मागच्या दारानं विद्यापीठात जाता येतं. अमेरिकेतले आपले नातेवाईक ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, साधारण त्याच जातीचं. प्रवेश मिळणं तसं सोपं. पूर्ण करणं अवघड. आणि पूर्ण होईपर्यंत माणूस टिकवणं हे माझं काम.

माझं नाव मंजिरी. पहिल्या आठवड्यात त्याचं मार्जरी झालं. वर्षभर मी दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. तिथं प्राचार्यांनासुद्धा शिपाई नावानंच हाक मारतो, त्यामुळे त्यांचं बोलणं मराठीत लिहिताना ‘तुम्ही’ कुठं घालावं ते मला कळत नाही. मी सगळ्यांना ‘तू’च म्हणू देणार आहे.

फोन करण्याचीही एक रीत असते. ‘का आला नाहीस’ असं कधी विचारायचं नाही. त्या प्रश्नाला खोटं उत्तर तयारच असतं. मी विचारायची, बस चुकते का हल्ली? मग माणूस बसबद्दल तक्रार करायला लागायचा आणि पाचव्या मिनिटाला खरं कारण यायचं. ‘ग्रँड’ म्हणणाऱ्यांशी जास्त जपून वागावं लागे. आयर्लंडमध्ये ‘मी ग्रँड आहे’ याचा अर्थ छान आहे असा होतोच असं नाही. कित्येकदा त्याचा अर्थ, पुढं विचारू नकोस, एवढाच असतो.

पॅट असाच ग्रँड होता. बावन्न वर्षांचा, सगळी हयात शेतांवरून दूध गोळा करणारा टँकर चालवलेला. एकदा फिट आली आणि लायसन्स गेलं. ऑफिसच्या कामांच्या कोर्सला आला, वर्गात सगळ्यांना हसवायचा, आणि सहाव्या आठवड्यात लाल झाला. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ग्रँड. चौथ्या वेळी मी गाडी काढून त्याच्या घरी गेले. तो अंगणातलं लोखंडी फाटक बिजागरीवर चढवत होता. मला म्हणाला, आलीच आहेस तर हे टोक धर. मी धरलं. फाटक जड होतं, त्यामुळे आम्हाला एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. तसं उभं असताना त्यानं सांगितलं की त्याला दोन ओळींच्या पुढं वाचता येत नाही. रस्ते पाठ होते, शेतकऱ्यांची नावं पाठ होती, कागद बायको भरायची. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती.

आमच्याकडे ब्रीड नावाची एक शिक्षिका होती, मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारी. माझ्याच वयाची, कमी बोलणारी, कॉलेजातली माझी एकमेव खरी मैत्रीण. तिनं तिच्या खोलीच्या दाराच्या काचेवर आतून एक पोस्टर चिकटवलं, म्हणजे आत कोण बसलंय ते बाहेरून दिसू नये. पॅट तिथं हिवाळाभर बसला. जूनमध्ये पास झाला. त्यानं स्वतः टाइप केलेला पहिला ईमेल मला आला. ‘मार्जरी, फाटक अजून उभं आहे. पॅट.’

ती ओळ मी कित्येक दिवस लोकांना दाखवत होते. श्रीकांतनं चिडवलंही. पण पॅटनंतर माझं एक मत पक्कं झालं, की कोर्स सोडतो म्हणणाऱ्या माणसाला आतून कुणीतरी थांबवायला हवं असतं. पुढची काही वर्षं मी अनेकांना थांबवलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर आभार मानले. त्यामुळे ते मत न राहता माझा अभिमान झाला. आमच्या कॉलेजात सोडण्याचा एक फॉर्म असतो, त्यावर माझी सही लागायची. मी तो फॉर्म टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला होता. काढायला वेळ लागावा म्हणून.

शिवॉन रुग्णसेवेच्या कोर्सला आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. उंच, बारीक, केस मागं घट्ट बांधलेले. तिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे आणि उच्चारात ‘व’. मी पहिल्याच दिवशी बरोबर उच्चारलं, कारण माझ्या कानाला ते नाव ओळखीचं वाटलं. ती म्हणाली, तुला जमलं, माझ्या शाळेतल्या एका बाईंना कधी जमलं नव्हतं. ती परदेशी होती का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली, बाजूच्या गावची होती, पण माझ्याकडे लक्ष नव्हतं तिचं.

शाळा तिनं सोळाव्या वर्षी सोडली होती. वडील कधीचे घर सोडून गेलेले, भाऊ ऑस्ट्रेलियात, आणि आई नोरीन फुप्फुसांच्या आजारानं घरात. दहा वर्षं शिवॉननं आईचं सगळं केलं. औषधं, अंघोळ, ऑक्सिजनचं यंत्र. आईच तिच्या मागं लागली की तू हे काम फुकट करतेस ते शिकून कर, म्हणजे माझ्यानंतर तुला आयुष्य राहील. म्हणून ती आली.

आणि काय सांगू, ती फार चांगली होती. रुग्णाला कुशीवर वळवायचं कसं हे आमच्या शिक्षिका पुतळ्यावर शिकवायच्या. बाकीची मुलं पुतळा वळवायची. शिवॉन आधी पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आता वळवते हं, असं म्हणायची आणि मग वळवायची. वर्गात हसले सगळे. शिक्षिका हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, हे शिकवता येत नाही.

मार्चच्या मध्यावर एका गुरुवारी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मला तो फॉर्म दे. आईचं बरं नाही, हिवाळा वाईट गेला, तिला एकटं सोडवत नाही. पुढच्या वर्षी येईन.

पुढच्या वर्षी येणारी माणसं मी पाहिली होती. ती येत नाहीत. आणि शिवॉनचं राहिलं होतं किती? दोन आठवडे एका वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर एक प्रात्यक्षिक परीक्षा. सोमवारपासून ते दोन आठवडे सुरू होणार होते. तेवढं चुकलं तर तो विषय जातो, आणि तो विषय गेला की प्रमाणपत्र नाही, वर्षभराचं बाकी सगळं असूनही. मी तिला हे समजावलं. तिला ते माहीतच होतं. मी म्हटलं, आज सही नको, मला एकदा तुझ्या आईशी बोलू दे. ती जरा विचार करून म्हणाली, बोल. तीही तुझ्यासारखंच बोलते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. गावाबाहेर, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं शेवटचं. स्वयंपाकघरात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं आणि त्याची लांब नळी फरशीवरून वळसे घेत नोरीनच्या खुर्चीपर्यंत गेली होती. नोरीन चौसष्टची होती, दिसायला पंचाहत्तरची. पण केस नीट विंचरलेले, ओठांना थोडा रंग लावलेला. मी येणार म्हणून लावला असणार. शिवॉननं चहा केला. चार वाजता ती म्हणाली, औषधांच्या दुकानातून आईची औषधं आणायची आहेत, शनिवारी गर्दी असते, मी पटकन जाऊन येते. मार्जरी आहे तोवर जाते.

दार लागल्याचा आवाज आला. नोरीन थोडा वेळ श्वास गोळा करत होती. मग म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, ईस्टर दिसला तर नशीब.”

मला आधी कळलंच नाही. ईस्टर पाच आठवड्यांवर होता.

मी विचारलं, शिवॉनला माहीत आहे का. ती नाही म्हणाली. मागच्या तपासणीला शिवॉन कॉलेजात होती, शेजारीण घेऊन गेली होती. शेजारणीलाही सांगितलेलं नाही. सगळं बोलताना तिला मधे मधे थांबावं लागत होतं आणि त्या थांबण्यात मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी थांबून राहिले, वर्गात मूल उत्तर शोधत असलं की आपण थांबतो तशी.

“एकदा तिनं माझ्यासाठी शाळा सोडली,” नोरीन म्हणाली. “मी सोडू दिली. मला सोय होती ना. आता कळलं तर ती उद्याच सोडेल. ते मला नको. तू तिला पुरं करायला लाव. आणि तिला सांगू नकोस.”

 मी विचारलं, तुला भीती वाटते का? ती म्हणाली, वाटते. सकाळी जास्त वाटते.

मग मी बरं म्हटलं. कबूल केलं.

शिवॉन परत आली तेव्हा आम्ही हवेबद्दल बोलत होतो. नोरीन तिला म्हणाली, ही बाई बरोबर बोलते, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, मी कुठं जात नाही. शिवॉननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुरं कर.

हे सगळं मी घरी येऊन श्रीकांतला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आपल्याकडे आजारी माणसापासून लपवतात, इथं आजारी माणूसच लपवतंय. आपल्या घरी असतं तर आपण काय केलं असतं? मी म्हटलं, आईनंच सांगितलंय, मी शब्द मोडू कसा? तो म्हणाला, पण ती तुझी विद्यार्थिनी नाही. विद्यार्थिनी मुलगी आहे. मला राग आला त्याचा. ब्रीडला मी सांगितलंच नाही, कारण ब्रीड हेच म्हणाली असती आणि तिच्यावर मला रागावता आलं नसतं.

त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की मी एका मरणाऱ्या बाईचा शब्द पाळते आहे. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. शिवॉन पूर्ण करणार याचा मला आनंद झाला होता. तिचं नाव माझ्या यादीत राहणार होतं. नोरीननं मला जे करायला सांगितलं, ते मला करायचंच होतं, म्हणून ते मला इतकं सहज जमलं.

सोमवारी शिवॉन वृद्धाश्रमात रुजू झाली. मी रोज साडेपाचला तिला फोन करायची. प्रत्यक्ष कामाच्या काळात मुलं गळतात, म्हणून मी सगळ्यांनाच करायची. ती दिवसभरात काय काय केलं ते सांगायची. एक नव्वदीच्या आजी होत्या, त्या कुणालाही केस धुवू देत नसत, त्यांनी शिवॉनला धुवू दिले. ते सांगताना तिचा आवाज वेगळा येत होता. मी शेवटी विचारायची, आई कशी आहे? ती म्हणायची, तशीच आहे, जरा थकलीय. रोज विचारायची मी. शनिवार-रविवारीसुद्धा मेसेज पाठवला.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कॉलेजात फोन आला. नोरीनची शेजारीण होती. दहाच्या चहाला ती रोज यायची. दार वाजवलं, उत्तर आलं नाही, तिच्याकडे किल्ली होती. अँब्युलन्स येऊन गेली होती, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिवॉनचा मोबाइल लागत नव्हता, कारण वृद्धाश्रमात कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचे असा नियम. शेजारणीला वृद्धाश्रमाचं नाव आठवेना. फ्रिजवर माझा नंबर चिकटवलेला होता.

मी म्हटलं, मी जाते.

पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्या रस्त्याचं मला काही आठवत नाही, एवढंच आठवतं की एका ट्रॅक्टरच्या मागं अडकले आणि बरं वाटलं. वृद्धाश्रमाच्या मुख्य परिचारिकेला सांगितलं. ती मला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. एका खोलीत शिवॉन त्या नव्वदीच्या आजींना खुर्चीत बसवून त्यांचे ओले केस टॉवेलनं पुसत होती. मला दारात बघून तिनं ओळखलं. मी कशाला आले असेन, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

“आई?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

परिचारिका पुढं झाली, टॉवेल घ्यायला. शिवॉननं तो दिला नाही. म्हणाली, हिचे केस ओले आहेत, हिला सर्दी होईल. आणि ती पुसत राहिली. मग ड्रायर लावला. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. पाच-सात मिनिटं लागली असतील. केस कोरडे झाल्यावर तिनं ते विंचरले, आजींना सांगितलं की मला आता जायचंय, आणि मग माझ्याबरोबर खाली आली. गाडीत तिनं एकच विचारलं. “ती एकटी होती?” मी हो म्हटलं.

इथं माणूस गेलं की घरात ठेवतात, बैठकीच्या खोलीत, आणि सगळं गाव येऊन जातं. सँडविच आणि चहा सतत चालू असतो. मी गेले. नोरीनला निळा ड्रेस घातला होता. रांगेत उभं राहून सगळे शिवॉनचा हात हातात घेत होते आणि तेच चार शब्द म्हणत होते, तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. मीही तेच म्हटलं. ती मला म्हणाली, “तू आलीस. थँक्स.” पॅटही आला होता, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, तू त्या पोरीला चांगलं सांभाळलंस. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

वृद्धाश्रमातले राहिलेले तीन दिवस कॉलेजनं माफ केले. प्रात्यक्षिक परीक्षा दोन आठवडे पुढं ढकलली. मला वाटलं होतं ती येणार नाही. ती आली. पलंगावरच्या रुग्णाची चादर बदलणं, भरवणं, हात धुणं, सगळं तिनं न चुकता केलं. परीक्षक बाहेरून आले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी तिला सगळ्यात वरची श्रेणी दिली. फक्त एक फरक माझ्या लक्षात आला. रुग्णाला वळवण्याआधी ती काही बोलली नाही.

प्रमाणपत्रांचा समारंभ शरदात असतो. ती आली नाही. मी तिच्या प्रमाणपत्राचं पाकीट घेऊन तिच्या घरी गेले. तिनं दारातच घेतलं, उघडून पाहिलं, परत आत घातलं. मला म्हणाली की तू नसतीस तर हे झालं नसतं. आईला फार हवं होतं. निदान आई गेली ती आपल्याला अजून वेळ आहे असं समजून गेली, डॉक्टरांनासुद्धा कळलं नव्हतं, तेच बरं झालं.

मी गप्प राहू शकले असते. अनेक जण म्हणतील की गप्पच राहायला हवं होतं, श्रीकांतही तेच म्हणाला. पण तिनं माझे आभार मानले होते, आणि ते घेऊन मला तिथून जाता येईना. मी तिला सांगितलं. मी तुमच्याकडे आले त्या शुक्रवारी तू औषधं आणायला गेलीस, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आईनं मला सांगितलं होतं.

तिनं पाकीट दुसऱ्या हातात घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, “तू रोज मला विचारत होतीस. आई कशी आहे म्हणून.”

मी हो म्हटलं. तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही.

त्यानंतर मी अजून दोन वर्षं नोकरी केली, पण मला ते काम येईनासं झालं. हजेरी बघायची, फोन करायची, बसबद्दल विचारायची. माणूस खरं कारण सांगायला लागला की मी घाईनं फोन आवरता घ्यायची. न जाणो, अजून काय सांगेल. फॉर्म मागायला कुणी आलं की मी वरच्या खणातून काढून द्यायची. त्या दोन वर्षांत मी ज्यांना जाऊ दिलं त्यातल्या तिघांना तरी थांबवायला हवं होतं. त्यांची नावं मला पाठ आहेत. एका तरुण बापाला तर फक्त कुणीतरी सकाळी बाळ सांभाळायला हवं होतं, तेवढं मी अर्ध्या दिवसात जमवलं असतं. मी विचारलंच नाही. ब्रीडनं एकदा माझ्या समोर बसून विचारलं, तुला काय झालंय? तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस.  मी साठीच्या आधीच निवृत्ती घेतली. कॉलेजनं निरोप दिला, केक कापला, प्राचार्य म्हणाले मार्जरीनं कुणाला सुटू दिलं नाही.

शिवॉन रुग्णसेवेत गेली नाही, हे मला पॅटकडून कळलं. एका रोपवाटिकेत लागली. झाडं विकते, कुंड्या भरते.

मागच्या वसंतात तिचा मेसेज आला. मी नावनमध्येच राहते का, आणि शनिवारी अर्धा तास मिळेल का. बसथांब्यासमोर एक छोटं कॅफे आहे, तिथं भेटलो. तिची नखं मातीनं काळी होती. तब्येत सुधारलेली वाटली. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, त्या शुक्रवारी आई काय काय बोलली ते मला सगळं सांग. शब्दन् शब्द.

मी सांगितलं. ईस्टरचं, शाळेचं, सोयीचं. ती मधे थांबवून विचारत होती, असंच म्हणाली? हाच शब्द? मी आठवून आठवून सांगत होते. शाळा सोडण्याबद्दल नोरीन जे म्हणाली ते तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, “घाबरली होती का?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या कुणाला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, हो. म्हणाली की सकाळी जास्त भीती वाटते.

 नोरीन सकाळीच गेली होती, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. मग शिवॉननं विचारलं, “तू सांगितलं असतंस, तर मी सोडलं असतं ना?”

“सोडलं असतंस.”

“हो,” ती म्हणाली. “बारा दिवस तिच्याजवळ बसले असते.”

मला माफी मागायची होती. पण ती त्यासाठी आली नव्हती, हे मला दिसत होतं. म्हणून मागितली नाही. ती उठली. माझ्या कपात अजून चहा होता, तरी सवयीनं तिनं दोन्ही कप उचलले, टेबलावर सांडलेलं रुमालानं पुसलं, कप काउंटरवर नेऊन ठेवले, आणि समोर येऊन थांबलेल्या बसकडे गेली.